मधला खांब

१

ऊस भरलेली ट्रॉली मलकापूरच्या अलीकडच्या उतारावर कलंडली आणि जाताना ट्रॅक्टरलाही घेऊन गेली. ट्रॅक्टरवर कृष्णात खोत होता. दोन लेकरांचा बाप, गाडी हाकण्यात एक नंबरचा गडी. त्याला दवाखान्यात न्यायचीसुद्धा गरज उरली नाही.

पंचनाम्याला आलेल्यांना रस्त्यावर चाकाचा हब सापडला. हब म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा बिडाचा जाड तुंबा. सगळं ओझं त्याच्यावर. त्याचे दोन तुकडे झाले होते, आणि जिथं भरीव बीड पाहिजे तिथं अंगठा जाईल एवढी पोकळी होती.

ही गोष्ट २००८ च्या नोव्हेंबरातली. हब ओतला होता शिरोली एमआयडीसीत, वीरभद्र पट्टणशेट्टींच्या फौंड्रीत. ट्रॉली बनवणाऱ्या कंपनीनं त्या खेपेतले न वापरलेले हब परत पाठवले, सोबत आपला माणूस धाडला, आणि त्या माणसानं समोर उभं राहून एकेका हबचं वजन करून घेतलं. आता पोलीस विचारत होते, जबाबदार कोण? संध्याकाळी फौजदार येणार होते आणि वीरभद्र त्यांना एक नाव लेखी देणार होते. जयसिंग कुरणे. फौंड्रीतला तपासनीस. ते नाव कागदावर चढलं की जयसिंग आत जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

दुपारी फाटकाशी एक कायनेटिक येऊन थांबली. पॅकिंगवाला जोतीराम पुढं आला.

"कोण पावणं?"

"पावणं न्हाय, बाई आहे. सौंदर्याला सांगा, गाडेबाई आल्यात म्हणून."

ललिता गाडे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. पण कोल्हापुरात नाव होतं ते वेगळ्याच कारणानं. कुणाच्या पतसंस्थेत, कुणाच्या दूध संकलनात आकड्यांचा घोळ झाला की लोक वकिलाच्या आधी बाईंची पायरी चढायचे. बाईंचं तोंड मात्र असं, की घोळ करणारा परवडला पण बाई नकोत. वीरभद्रांची मुलगी सौंदर्या त्यांची जुनी विद्यार्थिनी. सकाळी तिनं फोनवर एवढंच म्हटलं होतं, "बाई, एक चित्र बघायला या. मला काहीतरी खटकतंय, आणि काय खटकतंय तेच कळेना."

ऑफिसात वीरभद्र डोक्याला हात लावून बसले होते. शेजारी त्यांचा भाचा वीरेश. पुण्यात शिकून आलेला, कडक इस्त्रीचा शर्ट, कॉम्प्युटर आणि माल धाडायचं काम त्याच्याकडं.

"बाई, तुमी आलासा ते बरं केलंसा," वीरभद्र म्हणाले. "पर आता बघण्यासारखं काय ऱ्हायलं न्हाय. दाव रं बाईस्नी."

वीरेशनं रंगीत प्रिंट पुढं सरकवली. हिस्टोग्राम होता, शाळेत त्याला आयतालेख म्हणतात. आकड्यांचे गट पाडायचे, ज्या गटात आकडे जास्त त्याचा खांब उंच. इथं तीन खांब होते. मधला उंच, दोन्ही बाजूंचे बुटके. खाली ७.४५, ७.९५, ८.४५ आणि ८.९५ असे किलो छापलेले.

"चांगला हब आठ किलो ते आठ किलो चारशे ग्रॅममध्ये बसतो," वीरेश म्हणाला. "हलका असला तर आत पोकळ. जड असला तर वाळूचा साचा फुगलेला, म्हणजे जाडी वाकडीतिकडी. दोन्ही बाद. आता बघा, मधला ढीग बरा, पण दोन्हीकडं माल किती पसरलाय. जयसिंगमामा नीट बघतच नव्हते, बाई. हाताला येईल ते पेटीत."

ललिताबाईंनी चित्र बघितलं आणि त्यांनाही तसंच दिसलं. मधे टेकडी, दोन्हीकडं उतार. निष्काळजी माणसाचं काम असंच दिसतं, असं त्यांनी वर्गात शंभरदा सांगितलं होतं. पोरगं खोटं बोलत नव्हतं.

"हे काढलं कशात?" त्यांनी विचारलं.

"नेटवर साईट आहे, बाई. आकडे टाकायचे, बटण दाबायचं. खांब तीच काढते. आपण काय करायचं नसतं."

सौंदर्या दारात उभी होती. ती बाईंकडं बघत होती आणि बाई खांबांखालच्या आकड्यांकडं.

"मला जयसिंगला भेटायचंय," ललिताबाई म्हणाल्या. "आत्ता."

२

जयसिंग कुरणे मागच्या अंगणात, वाळूच्या ढिगाशेजारी उकिडवा बसला होता. पन्नाशीचा माणूस, कानशिलं पांढरी, हात भट्टीनं भाजून काळे पडलेले. बाईंना बघून तो उठला.

"जय भीम, ताई."

"जय भीम. बसा. मी तुमची बाजू घ्यायला आलेली नाही, हे आधीच सांगते. खरं बोला."

"खरं बोलायलाच बसलोय की. पर इचारतंय कोण?"

परत आलेल्या पेट्या तिथंच होत्या. बाईंनी पाच-सहा हब काढून काट्यावर ठेवायला लावले आणि कंपनीच्या माणसानं लिहून घेतलेल्या वजनांशी ताडून बघितले. ग्रॅमाचासुद्धा फरक नव्हता. म्हणजे आकडे खरे. बाईंना वाटलं होतं, आकड्यांत काहीतरी सापडेल आणि माणूस सुटेल. ती आशा गेली.

"ह्या पेटीवर ओकेचा शिक्का आहे. कुणाचा?"

"माझा हाय," जयसिंग म्हणाला. "शिक्का माझाच हाय, ताई. पर हे हब मी पास केल्यालं न्हाईत. आयशप्पत न्हाईत."

"शिक्का तुमचा आणि पास दुसऱ्यानं केले? फौजदार हसतील तुम्हाला."

"हसू द्या की! माझी सून काल इचारत हुती, मामा, तुमच्या हातनं माणूस मेला व्हय? तिला काय सांगू मी?" त्याच्या डोळ्यात पाणी आलं आणि ते पुसायची त्यानं लाज धरली नाही.

ललिताबाईंनी सरळ कामाचं विचारलं. बाद झालेल्या हबचं काय करता?

बाद हब वेगळ्या ढिगात टाकतो, जयसिंगनं सांगितलं. आठवड्याच्या शेवटी घणानं त्याचे तुकडे करायचे आणि परत भट्टीत वितळवायचे. अख्खा ठेवायचा नाही, ही फौंड्रीची जुनी रीत. अख्खा बाद हब रंग मारला की चांगल्यासारखाच दिसतो; चुकून बाहेर गेला तर घात.

"कधी मोडायचे राहिले असं झालं?"

"कवाच न्हाय." त्याच्या भुवया आक्रसल्या. "एकदा ऱ्हायलं. खंडेनवमीला."

"का?"

"खंडेनवमीला हत्यारं पुजत्यात की, ताई! घण, पाने, घमेली, समदं हापिसात मांडत्यात. मी माझा काटा आन् शिक्काबी ठेवतो. हळद-कुंकू लागलं की दसरा होईस्तोवर कुणी हात लावत न्हाय. त्या आठवड्यात बाद माल लई निघालता, पावसाची वाळू ओली हुती. म्हटलं, सुट्टी झाली की मोडू. सुट्टीवरनं आलो तर ढीग न्हवता. जोतीराम म्हणाला, भट्टीत गेला आसंल. मलाबी बरंच वाटलं, तेवढी हातोडी वाचली म्हणून."

ललिताबाई ताडकन उठल्या. "आणि ही खेप इथनं गेली कधी?"

जयसिंगनं त्यांच्याकडं बघितलं. "दसऱ्याला," तो हळूच म्हणाला.

३

जोतीरामची बोलायची तयारी नव्हती. तो पेट्यांना पट्ट्या मारत राहिला.

"मला काय म्हाईत न्हाय, बाई. मी गाडी भरणारा."

"गाडी भरणाऱ्यालाच सगळं माहीत असतं. दसऱ्याची गाडी कशी असते हो तुमची?"

आता ह्या प्रश्नाला कोण गप्प बसेल! दसऱ्याचा ट्रक म्हणजे पट्टणशेट्टींच्या घरचा मान. मालकांच्या वडलांपासूनची रीत. सकाळी झेंडूचे हार घालून, नारळ फोडून, हंगामाचा पहिला ट्रक फाटकाबाहेर पडायचा आणि तो गच्च भरलेला असायचा.

"रिकामा कोपरा दिसला तर मालक नारळ फोडत न्हाईत," जोतीराम म्हणाला. "त्यास्नी तो अपशकुन वाटतोय. यंदा तर दम निघालता. लाईट सारखी जातीया, भट्टी तापायची न्हाय. बाकीचा माल हुता, पर पास झाल्यालं हब दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेलतं आन् नवी वतणूक झाली न्हवती. म्हटलं आता मालकाचं बोलणं खावं लागतंय. आन् दसऱ्याच्या सकाळी बघतोय तर व्हरांड्यात हबच्या पेट्या! खिळं मारून, शिक्का मारून तयार. मी म्हटलं, अंबाबाई पावली."

"कुणी ठेवल्या विचारलं नाही?"

"पेटीवर जयसिंगचा शिक्का. इचारायचं काय त्यात?"

"जयसिंग त्या दिवशी आला होता?"

"न्हाय. सुट्टीच हुती त्याला." जोतीरामचा हात थांबला. त्याला आत्ता पहिल्यांदा ते जाणवलं असावं. "पर बाई, शिक्का तर हापिसात पूजेला हुता. आन् पूजेवरच्या वस्तूला मी मेलो तरी हात लावणार न्हाय. मला दोन पोरं हायत."

"ऑफिसची किल्ली त्या दिवशी कुणाकडं होती?"

"मालकांकडं एक. सौंदर्याताईंकडं एक. आन् वीरेशदादांकडं." एवढं बोलून त्यानं जीभ चावली आणि परत पट्टी ओढायला लागला.

ललिताबाईंच्या हाताला आता धागा लागला होता, पण तो फार कच्चा होता. बाद ढीग दसऱ्याच्या सुट्टीत नाहीसा झाला, त्याच सुट्टीत कुठूनतरी पेट्या उगवल्या. ठीक. पण ढीग भट्टीत गेला असं कुणीही म्हणेल. पेट्या जयसिंगनंच आधी भरून ठेवल्या असंही म्हणेल. किल्ल्या तिघांकडं, त्यातली एक ज्या पोरीनं बोलावलं तिच्याकडंच. आणि वीरेशच्या चित्रात मधला खांब उंच होता! बाद ढिगातले हब पेटीत गेले असते तर मधे एवढा चांगला माल आला कुठून?

त्या विचारापाशी त्यांची गाडी अडली, आणि तेवढ्यात व्हरांड्यातला पंखा मंदावत थांबला. लोडशेडिंग.

"आता तीन तास न्हाय येत," जोतीराम म्हणाला.

आतून कॉम्प्युटरच्या बॅटरीची टुक-टुक ऐकू यायला लागली.

४

"बॅटरी किती वेळ चालेल?" बाईंनी खुर्ची ओढत विचारलं.

"अर्धा तास, फार तर," सौंदर्या म्हणाली. वीरभद्र आणि वीरेश आत चहा घेत होते. बाहेरच्या खोलीत दोघीच होत्या.

सौंदर्यानं साईट उघडली. साधंच पान होतं, आकडे टाकायला एक चौकोन आणि खाली दोन-तीन लहान चौकोन. नेट रखडत होतं. बाईंनी पायाची बोटं आवळून धरली. सौंदर्यानं हबची वजनं एकदम सगळी त्या चौकोनात टाकली आणि बटण दाबलं.

पानावर खांब उमटले. तीन नव्हे. दहा खांबांची जागा होती, आणि दोघी त्याच्याकडं बघतच राहिल्या.

डावीकडून खांब पायरीपायरीनं चढत गेले होते. चौथा चांगला उंच. त्यापुढं काहीच नव्हतं, दोन खांबांची जागा मोकळी, जमीन. मग परत एकदम उंच खांब, आणि तिथून पायरीपायरीनं उतार.

"बाई, मधला कुठं गेला?" सौंदर्याचा आवाज चिरकला.

"गेला नाही. कधी नव्हताच." ललिताबाईंनी चष्मा वर केला. "खालचे आकडे वाच."

मोकळी जागा आठ किलोच्या जरा पुढं सुरू होत होती आणि आठ-चारशेच्या जरा अलीकडं संपत होती. बाईंनी पाठीमागून वजनांचा कागद घेतला आणि सगळी वजनं एकेक करून बोटानं तपासली. आठ ते आठ-चारशेमधे बसणारा एकसुद्धा हब नव्हता. सात-नऊशे ऐंशी होता, सात-नऊशे सत्तर होता, आठ-चारशे वीस होता. कितीतरी हब असे, की अगदी काठावरून पडलेले. पण आत एकही नाही.

"मग त्या चित्रात?"

"त्या चित्रात मधला खांब सात-नऊशे पन्नासपासून आठ-चारशे पन्नासपर्यंत होता. दोन्ही काठांच्या थोडा बाहेर. काठावरचे सगळे हलके आणि काठावरचे सगळे जड त्यानं पोटात घेतले, आणि त्यांच्यामधली पोकळी झाकून टाकली. तुला खटकलं ते हेच. खाली आठ आणि आठ-चारशे का छापलेलं नाही, हे तुझ्या डोळ्याला टोचत होतं."

सौंदर्या खुर्चीत मागं टेकली. "म्हणजे जयसिंगमामांनी…"

"अगं, निष्काळजी माणसाच्या हातून चुकून का होईना चांगला माल निघतोच. कितीही वाईट कामगार असू दे, दहातले पाच तरी बरे असतात. इथं एकसुद्धा बरा नाही! इतकं नेमकं वाईट कुणाच्या हातून होत नाही. असा ढीग एकाच प्रकारे तयार होतो. कुणीतरी आधी एकेक हब तोलून चांगले सगळे बाजूला काढलेत, आणि हे उरलेत." बाईंनी कागद टेबलावर ठेवला. "जयसिंग चुकला नाही, पोरी. दहा-वीस ग्रॅमांनी हलका असलेला हबसुद्धा त्यानं बाद केलाय. एवढ्या हबांत एकदाही चुकला नाही तो."

बॅटरीची टुक-टुक वेगानं व्हायला लागली. आणि त्याच वेळी फाटकातून जीप आत शिरल्याचा आवाज आला.

५

फौजदार बसले. वीरभद्रांनी कोरा कागद पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं. जयसिंग दारात उभा होता, त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"कागद जरा राहू द्या," ललिताबाई म्हणाल्या. "वीरेश, ते चित्र काढलंस ना, तसंच्या तसं परत काढून दाखव. फौजदारसाहेबांना बघू दे."

"आता लाईट नाही, बाई."

"बॅटरी आहे. आकडे टाकायचे, बटण दाबायचं. खांब साईटच काढते. तूच म्हणालास."

वीरेश हसला. पण उठला नाही. "बाई, तुमचा जीव जयसिंगमामांसाठी तुटतोय हे कळतंय मला. आपल्या माणसाची बाजू सगळेच घेतात."

हे वाक्य ललिताबाईंनी आयुष्यात नाना तोंडांनी ऐकलं होतं आणि दर वेळी ते तितकंच लागायचं.

"त्या कॉम्प्युटरला मी कुणाचं आडनाव सांगितलेलं नाही, वीरेश," त्या म्हणाल्या. "ऊठ."

"ऊठ की रं," वीरभद्र खेकसले. "दावायला काय हुतंय?"

वीरेश उठला. त्यानं आकडे टाकले. बोट बटणावर गेलं आणि तिथंच घुटमळलं. मग त्यानं खालच्या लहान चौकोनाकडं हात नेला.

"तिथं काय लिहितोयस?" बाईंनी विचारलं. "आपण काय करायचं नसतं ना? नुसतं बटण दाब."

त्यानं दाबलं. पडद्यावर दोन टेकड्या आल्या आणि मधे रिकामी जमीन.

फौजदार पुढं वाकले. वीरभद्रांनी चष्मा शोधला. "हे काय? त्या कागदावर तर येगळं हुतं."

"तिथं खांब तीन होते," ललिताबाई म्हणाल्या. "साईट आपणहून दहा काढते. तीन पाहिजे असतील तर त्या लहान चौकोनात हातानं तीन लिहावे लागतात. का लिहिलेस?"

"सोपं दिसावं म्हणून!" वीरेश उसळून बोलला. "हलका, बरोबर, जड. तीन गट. त्यात काय गुन्हा आहे?"

"काहीच नाही. मग गट आठ आणि आठ-चारशेवर पाडायचे होते ना? तुमच्या फौंड्रीचं मापच ते. इथं पोरासोरालाही पाठ आहे. चल, पाडून बघूया." बाईंनी स्वतः वाकून दोन चौकोनांत आकडे लिहिले, सुरुवात सात-दोनशे, रुंदी चारशे ग्रॅम. खांब आले. मधली जागा, बरोबर आठ ते आठ-चारशेची, स्वच्छ रिकामी.

"आकडे तुला बदलता येत नव्हते," त्या म्हणाल्या. आता आवाज चढलेला नव्हता. "कंपनीचा माणूस डोळ्यात तेल घालून उभा होता. मग खांबच बदललेस. पाच करून बघितले असशील, मधे खड्डा दिसला. तीन केल्यावर खड्डा बुजला. पण मधे खड्डा आहे आणि तो झाकायचाय, हे कुणाला सुचेल? पेटीत काय भरलंय हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच. जयसिंगला ठाऊक असतं तर त्यानं पेट्यांवर स्वतःचा शिक्का मारला नसता. जोतीरामला कॉम्प्युटर लावायचा कुठं तेसुद्धा माहीत नाही. सौंदर्याला ठाऊक असतं तर तिनं मला बोलावलं नसतं."

वीरेशनं मामांकडं बघितलं. वीरभद्रांच्या हातातलं पेन तसंच उघडं होतं.

"आरं, बोल की काय तरी," ते म्हणाले. "बाई काय म्हणत्यात? खोटं हाय म्हण."

"मामा, तुम्हीच म्हणालात ना फोनवर?" वीरेशचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला. "ट्रक रिकामा गेला तर तोंड दाखवू नकोस, आक्काला जाऊन सांग मामानं हाकललं म्हणून. भट्टी बंद, माणसं सुट्टीवर. मी काय करणार होतो? तो ढीग पडला होता. मी चार-पाच तोलून बघितले. दहा ग्रॅम कमी, वीस ग्रॅम जास्त. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय? रंग मारला, पूजेतला शिक्का घेतला. मला वाटलं जयसिंगमामा उगाच नडतात. आईशप्पथ मामा, मला वाटलं नव्हतं कोण मरेल म्हणून."

तो रडायला लागला. त्याला गप्प करायला कुणी पुढं झालं नाही. वीरभद्रांनी भाच्याकडं बघितलं, मग दारात उभ्या जयसिंगकडं. बहिणीचं पोर एका बाजूला आणि ज्याच्या भरवशावर फौंड्री उभी राहिली तो माणूस दुसऱ्या बाजूला. खरं सांगायचं तर त्या घटकेला ललिताबाईंनासुद्धा खात्री नव्हती, पेन कुणाचं नाव लिहील.

"साहेब, ल्हिऊन घ्या," वीरभद्र फौजदारांना म्हणाले. "माल भरला वीरेशनं. आन् भर म्हणून गळ्यावर पाय दिला तो मी. दोनी नावं ल्ह्या."

कॉम्प्युटरची बॅटरी संपली. पडदा काळा झाला.

६

वीरभद्र खुर्चीतून उठून दारापाशी गेले. "जयसिंग," ते म्हणाले. "उद्यापास्नं… तू आपला…"

ललिताबाईंना वाटलं, आता हा माणूस रडेल, नाहीतर मालकाला चार शब्द सुनावेल. सुनावायलाच पाहिजेत, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण जयसिंगचं मालकाकडं लक्षच नव्हतं. तो काळ्या पडद्याकडं बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "तुमी म्हणालासा, त्यात एकबी चांगला न्हाय."

"एकही नाही."

"मग जे परत आलं न्हाईत त्यांचं काय?"

खोलीत सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. इतके दिवस सगळे धरून चालले होते की खेप बरी होती आणि कृष्णातच्या नशिबी तेवढा एक वाईट हब आला. वीरेशच्या टेकडीनंसुद्धा तेच सांगितलं होतं, निम्म्याहून जास्त माल चांगला. आता टेकडी गेली होती. कंपनीनं परत पाठवले ते न वापरलेले. त्याआधी काही हब ट्रॉल्यांना बसले होते, ट्रॉल्या विकल्या गेल्या होत्या, आणि हंगाम ऐन भरात होता.

"किती ट्रॉल्या?" फौजदारांनी विचारलं.

"सात-आठ," वीरेश डोळे पुसत म्हणाला. "कंपनीकडं नंबर असतील."

सौंदर्यानं कंपनीला फोन लावलाच होता. ती खांद्यात रिसीव्हर धरून नंबर लिहून घेत होती, गाव, मालकाचं नाव, ड्रायव्हरचा मोबाईल. फौजदारांनी जीपमधल्या वायरलेसवर नाक्यांना कळवायला माणूस पळवला. पहिला नंबर लागला, ट्रॉली घरीच होती. दुसऱ्यावर बाई बोलली, मालक शेतात आहेत, ट्रॉली तिथंच उभी. तिसरा नंबर नुसता वाजत राहिला.

"हा कुठला?" बाईंनी विचारलं.

"गगनबावड्याकडचा. बंद नाही, उचलत नाही."

परत लावला. वाजला, वाजला, आणि कुणीतरी उचलला. पलीकडून इंजिनाचा एवढा आवाज येत होता की खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

"हॅलो, मी शिरोलीतून बोलतेय," सौंदर्या ओरडली. "तुमच्या ट्रॉलीचे हब…"

"कोण? नंतर करा, गाडी चालवायलोय! उतार हाय हितं!"

"अहो, थांबा! ऐका!"

"कोण बोलतंय ते सांगा की आधी! फसवायलाय का कोण?"

सौंदर्याचे शब्द अडखळले. जयसिंगनं पुढं होऊन तिच्या हातातला रिसीव्हर घेतला. त्याचा आवाज अजिबात हलला नाही.

"भावा, मी जयसिंग कुरणे. शिरोलीच्या फौंड्रीत हब मी तपासतो. तुझ्या चाकातला हब मी बाद केलाय. गाडी बाजूला घे."

इंजिनाचा आवाज काही वेळ तसाच येत राहिला. मग तो बारीक झाला, आणि बंद पडला.

"घेतली," पलीकडून आवाज आला. "आता?"

"आता खाली उतर," जयसिंग म्हणाला. "उसाखाली थांबू नको. मी येतो तिथवर."